मामांचा घोडा आणि सरांचा चाप

पत्र : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. दोन वर्षं म्हापशाला जाऊन दहा मीटर एअर पिस्तूल शिकतोय, आता त्याला काडतुसाच्या .२२ पिस्तुलाचे वेध लागलेत. यंदा चवथीला माझा थोरला भाऊ आला होता. फौजेतून निवृत्त झालाय, नोकरीत नाइन एमएम पिस्तूल वापरलंय, घरी परवान्याची कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर आहे. तो म्हणाला, "पाचशे ग्रॅमच्या चापावर पोर नाजूक होणार. डबल ॲक्शनवर हात बसला की जगातलं कुठलंही हत्यार चालवेल." रिव्हॉल्व्हर रिकामी करून पोराच्या हातात दिली. दोन दिवस घरात नुसती खटखट. रेंजवरचे सर सांगतात, गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळता कामा नये. भाऊ म्हणतो, ज्याला आपली गोळी कधी सुटणार ते ठाऊक नाही तो कसला नेमबाज? यजमान मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघून "दोन हातांनी धर" म्हणतात. गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून तिघांचं जोरात वाजलं. त्यानंतर मुलाचा स्कोर सहाशेपैकी ५४८ वरून ५३१ वर आलाय. कुणाचं ऐकायचं?
— एक आई, डिचोली

ताई,

स्कोरचं नंतर बोलू. आधी त्या रिव्हॉल्व्हरचं.

ती पुन्हा मुलाच्या हातात जाता कामा नये. परवाना मामांच्या नावावर आहे, भाच्याच्या नाही. आपल्याकडे एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला बंदुकीचा परवाना मिळत नाही. लहान वयाच्या नेमबाजाला प्रशिक्षणापुरती सवलत आहे, पण ती रेंजवर, देखरेखीखाली. घरच्या बैठकीत नाही. "रिकामी केली होती" हे मला सांगू नका. माझ्या घरच्या कपाटाच्या दाराला अजून एक खड्डा आहे, माझ्याच रिकाम्या एअर पिस्तुलानं पाडलेला. मी तेव्हा नवशिका नव्हतो, आठ वर्षं खेळत होतो. फोन आला, उठलो, परत येऊन बसलो, आणि आत छर्रा भरलेला नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती. छर्रा होता म्हणून दारावर भागलं. .३२ ची गोळी असती तर हे सदर दुसरं कुणीतरी लिहीत असतं.

मुलाला रेंजवर पहिल्याच दिवशी नळीतून आरपार घालायचा तो भडक रंगाचा दोरा दिला असेल. आत काही नाही हे दुरूनही दिसावं यासाठी तो असतो. मामांच्या रिव्हॉल्व्हरला तसा दोरा नव्हता, पाठीमागे गोळी अडवणारी भिंत नव्हती, आणि घरभर पाहुणे होते. फौजी माणसाला हे मी शिकवायची गरज नाही. पण सणाला घरी आलेला फौजी हा फौजी कमी आणि मामा जास्त असतो.

आता वादाकडे. निम्मा वाद आपल्या भाषेनंच लावून दिलाय. आपण सर्रास "घोडा दाबला" म्हणतो. खरं तर बोटानं दाबतो तो चाप, आणि मागे उठून पुढे आदळतो तो घोडा. दोन्हीला एकच शब्द वापरला की सिंगल आणि डबलमधला फरक समजणंच अवघड होतं, कारण सगळा फरक या दोघांच्या नात्यातच आहे. सिंगल ॲक्शनमध्ये चापाला एकच काम असतं, आधीच ताणून ठेवलेला घोडा सोडणं. घोडा ताणायचं काम अंगठा करतो, किंवा आधीची गोळी सुटताना मागे येणारा पिस्तुलाचा वरचा भाग करतो. डबल ॲक्शनमध्ये चाप दोन्ही कामं करतो, घोडा उचलतो आणि मग सोडतो. म्हणून तिथे ओढ लांब आणि जड. तिसरा प्रकार म्हणजे बाहेर घोडाच नसलेली, आतल्या आत स्प्रिंगवर अर्धवट ताणलेली पिन असणारी पिस्तुलं. ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९८२ साली ग्लॉक घेतलं आणि मग ती जगभर पसरली. चापाची ओढ या दोहोंच्या मधली, आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखी.

हा सारखेपणा महत्त्वाचा का, ते वाल्थर पीपीसारख्या जुन्या जर्मन पिस्तुलावरून कळतं. हे पिस्तूल १९२९ चं. पहिली गोळी डबल, म्हणजे लांब आणि जड. ती सुटली की घोडा आपोआप ताणला जातो, म्हणून दुसरी गोळी सिंगल, हलकी आणि आखूड. कागदावर दोन्हींचे फायदे एकत्र. हातात मात्र बोटाला एका क्षणात दोन वेगवेगळे चाप सांभाळावे लागतात. ज्यांना ते जमतं त्यांना जमतं.

मामांना एक गंमत विचारा. नोकरीतलं ते नाइन एमएम, आपल्या फौजेत आणि पोलिसांत वर्षानुवर्षं दिसणारं, ते कोणत्या जातीचं? ईशापूरला बनणारं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं, चक्क सिंगल ॲक्शन. म्हणजे मामांची सगळी नोकरी सिंगलवर झाली आणि उपदेश डबलचा चाललाय. यात ते खोटं बोलत नाहीत. निवृत्तीनंतर हातात कानपूरची रिव्हॉल्व्हर आली, तिचा जड चाप ओढताना बोटाला काम पडलं, आणि "खरी मेहनत ही" असं वाटलं. आपल्या पिढीला जड तेवढं चांगलं वाटतंच. व्यायामशाळेतसुद्धा.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मला कमी लेखायचं नाही. जड, लांब ओढीवर तासन्‌तास कोरडा, म्हणजे गोळी न भरता सराव केलेल्या माणसाचं बोट उरलेल्या हातापासून वेगळं काम करायला शिकतं. जुन्या पोलीस नेमबाजांनी रिव्हॉल्व्हरवर अशीच कमाल केली आहे. पण ते प्रौढ होते, त्यांची पकड पक्की बसलेली होती. तुमच्या मुलाचं गणित मांडून बघू. त्याच्या एअर पिस्तुलाचं वजन साधारण किलोभर, आणि नियमाप्रमाणे चाप किमान ५०० ग्रॅमचा. म्हणजे बोटाचा जोर हत्याराच्या वजनाच्या निम्मा. मामांची रिव्हॉल्व्हर पाऊण किलोच्या आसपास आणि डबलमध्ये ओढ सहज चार-पाच किलोची. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या पाच-सहापट जोर एका बोटानं, आणि तोही हत्यार न हलवता. सतराव्या वर्षी हे एकट्या बोटाला झेपत नाही, म्हणून सगळी मूठ मदतीला येते. गाईची धार काढताना हात जसा आवळतो तसा. आणि एकदा मूठ आवळायची सवय लागली की ती ५०० ग्रॅमच्या चापावरही आवळते. ५४८ चे ५३१ होण्यामागे मला पहिला संशय हाच आहे.

मूठ आवळली तर एवढं काय बिघडतं? दहा मीटरवर सगळा हात शाबूत राहून एक मिलिमीटर डावीकडे सरकला, तर गोळीही एक मिलिमीटरच डावीकडे जाते. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे, तेवढं खपतं. पण हात जागीच राहिला आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या खाचेच्या तुलनेत एक मिलिमीटर सरकली, तर माशी आणि खाच यांच्यात जेमतेम ३४ सेंटिमीटरचं अंतर असल्यानं तोच मिलिमीटर लक्ष्यावर तीसपट होतो. ३० मिलिमीटर! दहाचा सात होतो. म्हणून हात डुलला तरी चालतो, मनगट फिरलेलं चालत नाही. सगळ्यांचाच हात डुलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. चाप दाबताना मनगट फिरवतो तो माणूस हरतो. सर जे "गोळी कधी सुटली ते कळू नये" म्हणतात ते यासाठीच. बोट सावकाश, न थांबता दाबत राहिलं आणि सुटायचा क्षण आधी कळला नाही, तर मनगटाला फिरायला वेळच मिळत नाही.

म्हणजे सर बरोबर? दहा मीटरसाठी, आणि या वयात, हो. पण सरांच्या वाक्यातही एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. "कळू नये" याचा अर्थ मुलं "वाट बघावी" असा घेतात. हात वर करून पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद. बोट अर्ध्यावर थबकलेलं, श्वास कोंडलेला, डोळ्यासमोर माशी धुरकट व्हायला लागलेली. मग वैतागून एक झटका. बाहेरून दिसायला संयम, आतून शरणागती. आठ-दहा सेकंदांत सुटली नाही तर हात खाली. पुन्हा वर. साठ गोळ्यांना ७५ मिनिटं असतात, घाई कसली आहे? मुलगा दर सिरीजमध्ये, म्हणजे दहा गोळ्यांत, किती वेळा हात खाली घेतो हे सरांना विचारा. उत्तर "कधीच नाही" असेल तर तिथे गडबड आहे.

मामांचं "तो कसला नेमबाज" हे वाक्य पंचवीस मीटरला, म्हणजे .२२ पिस्तुलाच्या खेळात, खरं ठरतं, आणि तिथेच तुमचा मुलगा निघालाय. तिथल्या जलद टप्प्यात हात ४५ अंशांत खाली, लक्ष्य तीन सेकंदांसाठी उघडं, मग सात सेकंद बंद. तीन सेकंदांत हात वर न्यायचा, माशी पकडायची आणि चाप दाबायचा. तिथे "कधी सुटेल ते बघू" म्हणणारा बघतच राहतो. तिथे आपण ठरवून दाबतो, पण झटक्यानं नव्हे. हात वर जात असतानाच चापाचा पहिला सैलसर टप्पा संपवलेला असतो आणि उरलेला जोर माशी दिसल्याबरोबर एका ओघात येतो. राही सरनोबतनं २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते याच पंचवीस मीटर पिस्तुलात. आणि मामांना पटेल असा माणूस हवा तर सुभेदार विजय कुमार. लंडन २०१२, रॅपिड फायर, रौप्य. त्यात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. फौजेतला माणूस, आणि हातात .२२ चं सिंगल ॲक्शन. शेवटच्या टप्प्यात एका गोळीला सेकंदही पूर्ण मिळत नाही. तिथे जड चाप कुणी मागत नाही.

मग डबल ॲक्शन लागतं कशाला? भीतीसाठी. खिशात किंवा कंबरेला हत्यार घेऊन फिरणाऱ्या माणसाला अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत ते काढावं लागतं. घोडा ताणलेला आणि चाप हलका असेल तर नुसत्या दचकण्यानं गोळी सुटते. लांब जड ओढ हेच त्याचं कुलूप. खेळाच्या रेंजवर ते कुलूप चापात नसतं. ते आज्ञेत असतं, दोऱ्यात असतं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असण्यात असतं. म्हणून "कुठली ॲक्शन चांगली" हा प्रश्न "कुठलं वाहन चांगलं" यासारखा आहे. मांडवी ओलांडायला फेरीबोट लागते, चोर्ला घाट चढायला नाही. मामा स्वसंरक्षणाच्या डोक्यानं बोलतायत, सर खेळाच्या, आणि दोघंही समजतायत की समोरचा आपल्याच विषयावर बोलतोय.

यजमानांच्या दोन हातांबद्दल थोडक्यात. ती पकड पोलिसी आणि लष्करी कामाची, लॉस एंजेलिस भागातल्या जॅक वीव्हर नावाच्या पोलिसानं १९५० च्या दशकात स्पर्धांतून लोकप्रिय केलेल्या पद्धतीची नातलग. आपल्या पिस्तूल खेळात नियम एका हाताचा आहे. दुसरा हात खिशात. व्हिडिओ त्यांनी बघावेत, मुलाला दाखवू नयेत.

आता काय करायचं ते सांगतो. तीन आठवडे काळं लक्ष्यच लावू नका. पांढरा कोरा कागद. त्यावर नेम धरायला काही नसतं, म्हणून डोळा नाइलाजानं माशीवर येतो, आणि बोट काय करतंय ते मुलाला पहिल्यांदा कळतं. दहा छर्रे, मग कागद उतरवायचा, मागे तारीख. छिद्रं पसरलेली असली तरी गोल पसरलेली हवीत. उजव्या हाताच्या मुलाची छिद्रं खाली-डावीकडे लांबट होत असतील तर मूठ अजून आवळतेय, म्हणजे मामांची रिव्हॉल्व्हर अजून हातात आहे असं समजा. घरी कोरडा सराव करायचा असेल तर त्याच्या एअर पिस्तुलाला छर्रा न सोडता चाप दाबायची सरावाची कळ असेल तरच, भिंतीकडे तोंड करून, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवून. नळीवर सपाट जागा असेल तर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप सोडायचा. वीस वेळा, जास्त नाही. पुढे .२२ आलं की रिकाम्या पिस्तुलाचा चाप असा मनमुराद दाबू नये. या काडतुसाची ठिणगी कडेत असते, म्हणून रिकाम्या नळीत पिन थेट धातूच्या काठावर आदळते आणि दोन्हींचं नुकसान होतं. सरावाची सोय असलेलं पिस्तूल किंवा नकली काडतूस घ्यावं.

नकली काडतुसाचा दुसरा उपयोग मला सगळ्यात आवडतो, आणि इथे मामांना कामाला लावा. पंचवीस मीटर सुरू झालं की मुलाची मॅगझिन दुसऱ्या कुणीतरी भरायची, सरांच्या परवानगीनं आणि समोर. पाचांत एखाद-दुसरं नकली, कुठलं ते मुलाला ठाऊक नाही. नकलीवर चाप दाबल्यावर आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि तेव्हा पिस्तुलाचं तोंड खाली बुडालं तर ते सगळ्यांना दिसतं. धक्का येणार म्हणून हातानं आधीच घेतलेली ती धास्ती. कितीही बोलून ती सापडत नाही, एका नकली काडतुसात सापडते. मामांची नजर फौजी आहे, त्यांना ती बुडी पहिल्यांदा दिसेल. शिकवायचं मात्र एकट्या सरांनी. मामांनी बघून जे दिसलं ते सरांच्या कानात सांगायचं, पोराच्या नाही. गोळी सोडताना कानात दोन माणसांचे आवाज असले की बोट कुणाचंच ऐकत नाही.

.२२ घ्यायची घाई नको. ४.५ मिलिमीटरचं, २० जूलच्या आतलं एअर पिस्तूल परवान्याशिवाय चालतं, .२२ ला परवाना लागतो आणि तो एकवीसच्या आधी नाही. तोवर रेंजचं पिस्तूल, तिथेच काढायचं आणि तिथेच ठेवायचं. तिथला चाप किमान १००० ग्रॅमचा, म्हणजे आत्ताच्या दुप्पट. मामांना हवा असलेला जडपणा मुलाला तिथे नियमानंच मिळेल, पायरीपायरीनं. ५५० सलग तीन स्पर्धांत आले की पंचवीस मीटरचं बोला. हा आकडा माझा, सरांचा वेगळा असेल तर सरांचा घ्या. त्या काळात मुलानं आपलं पिस्तूल स्वतः उघडायला, पुसायला शिकावं. टोकियोला ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि मोलाचा वेळ गेला. तीच मुलगी पॅरिसला २०२४ मध्ये दोन कांस्यपदकं घेऊन आली. पिस्तूल कधी रुसेल ते सांगता येत नाही, पण त्याचा स्वभाव माहीत असला की माणूस घाबरत नाही.

आणि मामांच्या आधी एक साधी शक्यता तपासा. चवथीचे दिवस म्हणजे आपल्याकडे भिंतीलाही घाम. पिस्तुलाची लाकडी मूठ या हवेत फुगते, हाताला जरा वेगळी बसते, आणि पोराला वाटतं आपलाच हात बिघडला. मूठ हातात धरून डोळे मिटायचे, हात उचलायचा, डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ ठीक. दर वेळी एकाच बाजूला दिसली तर कानशीने थोडंसं घासायचं, सरांना विचारून. शिशाचे छर्रेही या हवेत पांढुरके होतात, डबीत सिलिकाची पुडी टाका. रेंजवरून आला की साबणानं हात धुतल्याशिवाय मिरची-भजी आणि पावाला हात लावू देऊ नका. शिसं बोटांवर दिसत नाही. शिवाय सणाचे दहा दिवस सराव नाही, नेवऱ्या पोटभर आणि रात्री आरतीला जागरण, त्यातही दहा-बारा गुण सहज जातात. तेवढ्यासाठी भावाशी अबोला धरायचं कारण नाही.

कोरे कागद फेकू नका. पाच-सहा जमले की तारखांसकट त्यांचे फोटो मला पाठवा. मुलगा डावखुरा असेल तर तेही लिहा, कारण मग मी सांगितलेली डावी-उजवी बाजू उलटी धरावी लागेल.